सुकेळ्यातली गोळी

२००२ साल, ईस्टर होऊन दोन आठवडे झाल्यानंतरचा रविवार, सकाळची वेळ. वसईजवळच्या पापडीतल्या एका शाळेचं सभागृह.

हजर: डॉक्टर. औषध कंपनीचे दोघे, दोघांचे टाय एकाच रंगाचे. मानसिक आजार असलेल्यांची घरची मंडळी, त्यातली काही पंख्याखालच्या खुर्च्या आधी धरून बसलेली. सावंत, त्यांची बायको आणि त्यांची मुलगी वैशाली. माझी आई. माझा धाकटा भाऊ इनास, नव्या शर्टात. आणि मी, हिल्डा, दारापाशी उभी, कारण खुर्च्या, चहा आणि जेवण ही तिन्ही कामं माझ्याकडे होती.

मी लिहायला बसले की अशीच सुरुवात करते — आधी तारीख, मग हजेरी, मग कामं. पण त्या सकाळी तिथे आणखी एक गोष्ट हजर होती आणि ती फक्त मला ठाऊक होती. आईला मी ती सांगितली नाही; आई गेली, न कळताच गेली. दर वर्षी ईस्टरच्या आधी पापनिवेदनाला बसले, तिथे 'खोटं बोलले' एवढं म्हणून उठले. कोणतं खोटं, कोणाशी — फादरनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आज सात वर्षांनी तुम्हाला सांगायला बसले आहे. तुमची-माझी जुनी ओळख आहे असं धरून चालते, नाहीतर हात पुढे सरकायचा नाही.

आधी घर. गिरीजला आमची वाडी आहे — केळी, नारळ, थोडी भाजी. वडील लवकर गेले. मी वालीवला पाण्याचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात माल तपासणीला आहे. तेव्हा साधी तपासनीस होते, आता विभाग माझ्याकडे आहे. माझं लग्न झालं नाही, आणि त्याचा या गोष्टीशी काही संबंध लावू नका. इनासला एकविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. तो वाडीला पाणी लावायचा, माणसांशी कमी आणि केळींशी जास्त बोलायचा. आम्ही म्हणायचो, स्वभाव आहे. मग एके दिवशी त्याची खात्री पटली की केळींच्या मुळांतून कोणीतरी तारा नेल्यात आणि त्याच्या मनातलं सगळं त्या तारांतून बाहेर जातं.

डॉक्टरांनी गोळी दिली. तिला मी जुनी गोळी म्हणते. स्वस्त होती आणि लागू पडली, तारांचं बोलणं थांबलं. पण त्याचे हात थरथरायला लागले. जबडा आवळून यायचा, उशी लाळेनं भिजायची. चहाचा कप बशीवर वाजत-वाजत तोंडापर्यंत जायचा, म्हणून आई तो अर्धाच भरायची. आम्ही घरात आमच्या बोलीत बोलतो, इथे सगळं सरळ मराठीत लिहिते आहे. आई म्हणायची, "डॉक्टरानं एक दुखणं काढलं नि दुसरं घातलं."

एकदा वर्षभर बरं गेलं म्हणून आम्हीच ती गोळी बंद करून पाहिली. महिनाही झाला नसेल, इनास पहाटे उठून वाडीत गेला आणि नव्यानं लावलेलं एक-एक रोप उपटून त्याखाली तारा शोधत बसला. मी त्याला धरायला गेले. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू त्या तारा मीच पुरल्या होत्या. ते बघणं माझ्या मनातून गेलं नाही. पुढे मी जे केलं त्याच्या मुळाशी ते आहे. ही सबब म्हणून सांगत नाही. कुठून सुरू झालं ते कळावं म्हणून सांगते.

मग २००२च्या जानेवारीत डॉक्टरांनी नव्या गोळीची गोष्ट काढली. कंपनी तीन महिने गोळ्या फुकट देणार. डॉक्टर दर पंधरवड्याला रोग्याला बघणार, ठरावीक प्रश्न विचारून गुण मांडणार, आणि शेवटी नव्या गोळीचा खरंच किती उपयोग होतो ते ठरणार. अट अशी, की जुनी गोळी थोडी-थोडी कमी करून पूर्ण बंद करायची. ते म्हणाले, "दोन्ही चालू ठेवल्यात तर कशानं काय झालं ते कोणालाच कळणार नाही."

हे मला समजावून सांगायला हवं होतं का? माझं सगळं काम त्यावर उभं आहे. एका लॉटच्या पेटीत दुसऱ्या लॉटचे नग मिसळले असतील, तर मी ती पेटी तपासतसुद्धा नाही, परत पाठवते. कारण अशा पेटीबद्दल मी काहीही लिहिलं तरी ते खोटंच ठरणार. माझ्या हाताखालच्या बायकांना मी यावरून रडेपर्यंत बोलले आहे.

आणि मी काय केलं? सही केली, घरी आले, आणि जुनी गोळी निम्मी करून सुकेळ्यात घातली.

सुकेळं म्हणजे उन्हात वाळवलेलं राजेळी केळं — तपकिरी, चिकट, मधासारखं गोड. आमच्या बाजूला आता थोड्याच घरांतून होतं. इनासला सकाळी चहाबरोबर एक लागायचं. नखानं चीर पाडायची, गोळी आत सारायची, बोटांनी दाबायचं. चीर बुजून जाते. आमच्यासारख्या अनेक घरांत हे चालायचं, कोणी वरणात घालायचं, कोणी दुधात. गोळी घ्यायला नकार देणाऱ्या माणसाला सांभाळायचं कसं, हे ज्याच्या घरी असा माणूस नाही त्यानं मला शिकवू नये. पण इनास नकार देत नव्हता! नवी गोळी तो रोज आईसमोर पाण्याबरोबर घ्यायचा आणि लहान मुलासारखी जीभ वर करून दाखवायचा. जुनी गोळी लपवायची होती ती डॉक्टरांपासून. त्यासाठी मी भावाच्या तोंडाचा उपयोग केला.

माझा बेत व्यवस्थित होता. माझे बेत व्यवस्थितच असतात. नवी गोळी लागू पडते आहे असं दिसलं की जुनी हळूहळू काढायची. नाही पडली तर जुनी आहेच. डॉक्टरांना सांगितलं तर ते इनासचं नाव कापणार, म्हणून सांगायचं नाही. आईला सांगितलं तर ती बोलून जाणार, म्हणून तिलाही नाही. दर पंधरवड्याला डॉक्टर मान खाली घालून विचारायचे, "जुनी बंद ना?" आणि त्यांचा 'ना' पुरा व्हायच्या आत मी म्हणायचे, "बंद."

आता जरा राग येऊ द्या मला. तो खरा आहे.

गोळी कोणाला दिली होती? इनासला. प्रश्न कोणाला विचारले? मला. आवाज ऐकू येतात का — मी सांगायचं. झोप कशी आहे — मी सांगायचं. कोणी मागावर आहे असं वाटतं का — तेही मीच. तो बाजूच्या स्टुलावर बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचा. "शांत आहे ना?" "शांत आहे." बस, गुण वाढले. घरच्यांचा त्रास कमी झाला की माणूस बरा झाला, हे कोणी ठरवलं? नारळाच्या झाडाखाली दिवसभर झोपून राहिलेला माणूसही शांतच असतो.

आणि जे गळाले त्यांचं काय? त्या तीन महिन्यांत काही जण यायचे थांबले. एकाचं वजन इतकं वाढलं की त्याच्या चपला होईनात. एका बाईला खुर्चीत बसवेना, ती दारातून खिडकीकडे आणि खिडकीतून दाराकडे येरझाऱ्या घालायची. तिच्या नवऱ्यानं गोळ्या आणून टेबलावर ठेवल्या आणि तो निघून गेला. रविवारच्या सभेत डॉक्टर पडद्यावर आकडे दाखवताना म्हणाले, "ज्यांनी औषध शेवटपर्यंत घेतलं त्यांच्यात…" मी दारापाशी उभी होते, मला ते शब्द नीट ऐकू आले. फुटके नग आधी पेटीतून काढून टाकायचे आणि मग उरलेला माल उत्तम आहे म्हणायचं — आमच्याकडे हे कोणी केलं असतं तर मी त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर उभं केलं नसतं. तीन महिने! जन्मभर घ्यायच्या गोळीची तीन महिन्यांत परीक्षा. आणि पडद्यावर बाजूला जुन्या गोळीचा रकाना, तिची मात्रा इतकी मोठी की हात थरथरणारच.

इनासची थरथर थांबली होती. सगळे म्हणाले, नव्या गोळीनं. मला पहिल्याच महिन्यात शंका आली होती — जुनी निम्मी केली म्हणून तर नाही? इतकी वर्षं त्याला ती दुप्पट चालली होती की काय? पण हे तपासायला येणार कोण? जुन्या गोळीसाठी सभागृह घेऊन जेवण घालणारी कंपनी मी अजून पाहिलेली नाही.

पण हे सगळं मी कोणत्या तोंडानं म्हणायचं? तिथे बसलेल्यांत सर्वांत चांगले गुण माझ्या भावाला होते. आणि त्याच्या पोटात दोन्ही लॉटचा माल होता.

डॉक्टरांनी त्याला पुढे बोलावलं. पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला त्याच्या हातात दिला आणि हात लांब करायला सांगितलं. इनासनं केला. सगळं सभागृह त्या पाण्याकडे बघत होतं. पाणी हललं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय, इनास?"

इनास म्हणाला, "जेवण कधी आहे?"

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. कंपनीच्या माणसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. आई डोळे पुसत होती. मीही टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या.

आता सावंत. मूळचे कोकणातले, नोकरी मुंबईला, वसई पूर्वेला स्वतःचा फ्लॅट. सभ्य, हळू बोलणारा माणूस. कोणाच्या पुढे ताट घ्यायला जाणार नाही. वैशाली तेव्हा तेवीस वर्षांची. तिला महिन्याला जुन्या औषधाचं इंजेक्शन चालू होतं आणि त्यावर ती बरी होती. बरी म्हणजे बिल्डिंगमधल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची, पाढे, शुद्धलेखन. फक्त हात थरथरायचा. फळ्यावर अक्षर वेडंवाकडं यायचं आणि मुलं हसायची. ती घरी सांगायची नाही, पण तिच्या आईला दुसऱ्या खोलीतून ऐकू यायचं.

जेवणाच्या वेळी सावंत ताट हातात धरून माझ्याजवळ आले. मी भाताचं पातेलं कमी पडतंय का ते बघत होते. ते म्हणाले, "हिल्डाताई, डॉक्टर म्हणतात इंजेक्शन बंद करून ही गोळी सुरू करू. डॉक्टर सांगणारच हो. पण तुमचं काम तपासणीचं. तुम्ही रोज डोळ्यांनी बघताय. बंद करू का इंजेक्शन?"

मी काय म्हणायला हवं होतं? "थांबा, बाहेर या, एक सांगायचंय." पुढचं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्याकडे तयार होतं, मी ते वर्षानुवर्षं मनात म्हणून पाहिलं आहे. आई तिकडे बायकांच्या घोळक्यात इनासचं कौतुक ऐकत होती. डॉक्टर दोन पावलांवर होते.

मी म्हटलं, "करा. आमच्याकडे बंद करून काही त्रास झाला नाही."

'मला माहीत नाही' एवढंही म्हटलं नाही. 'करा' म्हटलं. आणि त्यांच्या ताटात माशाचा आणखी एक तुकडा वाढला.

नवरात्र संपता-संपता वैशालीची झोप गेली. मग तिनं खिडक्यांच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवली. मग शिकवणीच्या मुलांना घराबाहेर काढलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली. आणि एका दुपारी, तिची आई पीठ मळत असताना, ती दार उघडून निघून गेली. काही दिवसांनी सापडली, लांब, भुसावळच्या बाजूला एका स्टेशनवर. अंगावर दुसऱ्याच कोणाचे तरी कपडे. त्या दिवसांत काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि सावंतांच्या घरात ते कोणी विचारत नाही. इंजेक्शन पुन्हा सुरू केलं. पण आधीची वैशाली त्यानं परत आली नाही. शिकवण्या बंद. फळा माळ्यावर गेला.

मी त्या गोळीला वाईट म्हणत नाही, नीट ऐका. तिच्यावर काही जण खरंच सावरले, आजही सावरलेले आहेत. आणि इंजेक्शन चालू असतं तर वैशाली घसरलीच नसती, असंही कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. अंदाज सगळेच करतात. पण सावंतांनी मला अंदाज विचारला नव्हता. जुनं औषध पूर्ण बंद केलेल्या घराचा अनुभव विचारला होता, आणि तो अनुभव आमच्या घराला नव्हताच.

तुम्हाला वाटेल, झालं, सांगून संपलं. नाही. खरं सांगायचं ते पुढेच आहे.

डिसेंबरात सावंत आणि त्यांच्या बाई आमच्याकडे गिरीजला आले. वैशालीला शेजारणीपाशी सोडून आले होते. ओटीवर बसले. आईनं चहा ठेवला. सावंतांनी खिशातून कागद काढला, त्यावर प्रश्न लिहून आणले होते — माझ्यासारखेच. इनासला पहिल्या महिन्यात झोप लागायची का? गोळी जेवणाआधी की नंतर? काही वेगळं खायला घालत होता का?

काही वेगळं खायला घालत होता का. समोर पायरीवर बसून इनास सुकेळं खात होता. आत निम्मी गोळी होती. तेव्हाही मी घालतच होते.

मी म्हटलं, "नाही हो. प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते."

सावंतांनी कागदाची घडी घातली. मग बाई बोलल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मी तिला नवरात्राचे उपास करायला लावले. तिचं लग्न जमावं म्हणून. नऊ दिवस नुसती फळं नि दूध. ती नको म्हणत होती. गोळी अंगी लागली नसेल रिकाम्या पोटी. त्यानंच झालं असेल ना, ताई?"

त्यांना काय ऐकायचं होतं? 'नाही' ऐकायचं होतं. कोणालाही कळलं असतं. 'नाही' म्हणायला मला काही कबूल करावं लागणार नव्हतं. नुसतं 'नाही हो बाई, उपासानं काय होतंय' म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यातही माझं गुपित सुरक्षित होतं.

मी म्हटलं, "असेल."

का म्हटलं? किती वेळा विचारलं आहे स्वतःला. उत्तर साधं आहे आणि घाणेरडं आहे. त्या बाईनं स्वतःहून दोष अंगावर घेतला, तर शोध तिथेच थांबणार होता. पुढचा प्रश्न येणार नव्हता. कारखान्यात बिघाडाचं कारण एकदा लिहिलं गेलं की चौकशी बंद होते, हे मला माहीत होतं. मी एका आईच्या नावावर कारण लिहिलं आणि चौकशी बंद केली.

त्या उठल्या, आईच्या पाया पडल्या, आणि दोघं निघून गेली. आई म्हणाली, "फार भली माणसं." मी कपबशा विसळल्या.

सभेनंतरही कंपनी इनासला गोळ्या फुकट देत राहिली होती; पुढे त्याही संपल्या. नवी गोळी महाग पडते असं सांगून मी इनासला जुन्यावर आणलं, उघडपणे, निम्म्या मात्रेवर. तो त्यावर बरा आहे. वाडी बघतो, पंप चालवतो, बाजारात केळीचे घड पोचवतो. डॉक्टरांच्या कागदांत तो अजून नव्या गोळीचा सर्वांत चांगला रोगी असेल. कुठे-कुठे तो आकडा गेला असेल? कोणी कोणाला दाखवला असेल? मला माहीत नाही. मी शोधायलाही गेले नाही.

गेल्या मार्चमध्ये इनास आणि मी मांडवावर केळी वाळत घालत होतो. आई गेल्यापासून ते काम आम्ही दोघं करतो. तो मध्येच म्हणाला, "ताई, यात काही घालणार नाहीस ना?"

माझ्या हातातलं केळं तसंच राहिलं.

"कडू लागायचं," तो म्हणाला. "सुकेळं कधी कडू असतं का?"

"मग खात का होतास?"

"रोज कुठे खात होतो? कधी खायचो, कधी कोंबड्यांना टाकायचो. तुझा चेहरा फार घाबरलेला असला तर खायचो." मग हसत म्हणाला, "त्या वर्षी आपला कोंबडा आरवायचा नाही, आठवतं? शेजारचा पेद्रू विचारायचा, याला काय झालंय, मुका झाला का."

आम्ही दोघं हसलो. खूप हसलो. आणि हसता-हसता माझ्या लक्षात आलं की आता काहीच उरलं नाही. त्याला नवी गोळी लागू पडली, की निम्मी जुनी, की दोन्ही, की आठवड्यातून दोनदा जुनी — कोणाला सांगता येणार? डॉक्टरांनी गुण मांडले, मी खोटं मांडलं, आणि ज्याला खरं थोडंफार ठाऊक होतं त्याला स्टुलावर बसवून कॅलेंडर वाचायला लावलं. त्या तीन महिन्यांत त्याला कोणी विचारलं असतं, "इनास, तू काय-काय खातोस?" तर त्यानं सांगितलं असतं. तो खोटं बोलत नाही. मी विचारलं नाही. माझा सगळ्यात मोठा राग यावर आहे आणि तो वळून माझ्याकडेच येतो.

एक गोष्ट लपवणार नाही. तेव्हा क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. तो खातच नव्हता, तर माझं 'करा' फारसं खोटं नव्हतं, असा हिशेब मनानं मांडून टाकला. लगेच मोडला. सावंतबाईंना 'असेल' म्हटलं तेव्हा मला कोंबड्यांचं काहीही ठाऊक नव्हतं.

इनास केळी उलटत राहिला. मग म्हणाला, "त्या सावंतांच्या मुलीला कोणी सांगितलं का?"

"काय?"

"सुकेळ्याचं. मी पेला धरला होता ना, तेव्हा ती समोरच होती. सगळे माझ्याकडे बघत होते. तिनं तिचे हात ओढणीखाली घेतले." पुढे म्हणाला, "तिला वाटलं असेल, माझे थांबले, तिचे का नाही थांबत."

मी त्या दिवशी पाण्याकडे बघत होते.

मागच्या महिन्यात पापडीच्या बाजारात सावंतबाई भेटल्या. केस पांढरे झालेत. त्यांनी इनासची चौकशी केली, नेहमीसारखी, मनापासून. वैशाली कशी आहे विचारलं तर म्हणाल्या, "आहे. बसून असते." आणि मग आपणहून: "तिला मी आता चतुर्थीलासुद्धा पोटभर जेवायला घालते. एकदा चुकले ना." सात वर्षं. सात वर्षं ही बाई माझ्या एका शब्दावर जेवण वाढते आहे. माझ्या हातात मेथीची जुडी होती. मी म्हटलं, "काळजी घ्या," आणि पुढच्या गाळ्याकडे वळले.

दर रविवारी सकाळी मी आठवड्याची कामं लिहिते. त्यात आता कितीतरी महिने एक काम आहे: सावंतांकडे जाणं. शनिवारी बाकीच्यांवर रेघ मारते आणि हे पुढच्या कागदावर उतरवते. इनासला ते ठाऊक आहे. या रविवारी चर्चमधल्या मिसाहून आल्यावर त्यानं कपडे बदलले नाहीत. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट. ओटीच्या पायरीवर येऊन बसला.

"कुठे निघालास?" मी विचारलं.

"सावंतांकडे. तू जाणार आहेस ना? मी येतो. तुला नाही जमलं तर मी सांगेन."

पाय ओटीच्या कडेपर्यंत आले होते माझे. मग मी म्हटलं, विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह पाणी सोडतोय, आधी तो काढून बघू. तो उठला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पाना घेऊन विहिरीकडे गेला.

व्हॉल्व्ह दुपारपर्यंत बसला. नारळाची झापं उचलून झाली. गॅसचा नंबर लावला. सावंतांकडे जाणं — बाकी.